मेंढीचे माजचक्र आणि पुटकांची वाढ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंढी माजावर आली की तिच्या अंडाशयात पुटक, म्हणजे स्त्रीबीज आणि त्याला वेढणाऱ्या पेशी, वाढू लागते असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात माज हा त्या वाढीचा आरंभ नसून अखेरचा टप्पा असतो. आद्य पुटकांचा साठा मादी कोकरू गर्भात असतानाच तयार होतो आणि त्यातील एखादे वाढीला लागल्यापासून बीज सुटेपर्यंत सुमारे सहा महिने जातात. शेवटची वाढ लाटालाटांनी होते: सुमारे 17 दिवसांच्या माजचक्रात बहुधा तीन किंवा चार लाटा येतात आणि प्रत्येक लाटेआधी पीयूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची रक्तातील पातळी चढते.

बीज सुटल्यावर पुटकाच्या जागी पीतपिंड बनतो आणि त्याच्या प्रोजेस्टेरॉनमुळे नवी पुटके वाढतच नाहीत, हे विधान अर्धेच खरे आहे. प्रोजेस्टेरॉन एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची स्पंदने विरळ करते, त्यामुळे पुटके वाढतात, पण बीज न सोडताच विरतात. पीतपिंड ओसरला, की एलएचची स्पंदने वाढून अखेरच्या लाटेतील पुटके भरपूर इस्ट्रोजेन स्रवतात, मेंढी माजावर येते आणि एलएचच्या लोंढ्याने बीज सुटते.

संप्रेरक जितके अधिक तितकी कोकरे अधिक, हा हिशेब तर फारच ढोबळ आहे. सुंदरबनातील गरोल मेंढी लहानखुरी असूनही जुळी-तिळी कोकरे देते, कारण तिच्यात ‘फेक-बी’ हा जनुकीय बदल असतो, ज्याची ओळख 2001 मध्ये पटली. या बदलामुळे पुटके लहान आकाराची असतानाच एलएचला प्रतिसाद देऊ लागतात आणि एका मोठ्या पुटकाऐवजी अनेक छोटी पुटके परिपक्व होतात. म्हणजे निर्णायक ठरते ती संप्रेरकाच्या मात्रेपेक्षा पुटकाची संवेदनशीलता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाच बदल दख्खनी मेंढ्यांत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण विकसित केला.

त्यामुळे जुळ्यांचे श्रेय मेंढानराला देणेही चुकीचे ठरते, कारण किती बीजे सुटणार हे मेंढीच्या अंडाशयात ठरते. ‘फेक-बी’ असलेल्या नराचा परिणाम त्याच्याशी फळलेल्या मेंढीत नव्हे, तर त्याच्या मुली विऊ लागल्यावर दिसतो.