विनोद आणि आपली दोन मापे

चित्रपट, नाटक, तियात्र, दूरचित्रवाणी आणि आता हातातला मोबाइल यांच्याद्वारे जो विनोद आपल्या घराघरांत येतो, त्याविषयी ख्रिस्ती माणसाने कोणती भूमिका घ्यावी, असा प्रश्न धर्मशिक्षकांकडून आम्हांस अनेकदा विचारला जातो. बहुधा तो एखाद्या चित्रपटात धर्मगुरूची थट्टा झाल्यावरच विचारला जातो. ही वेळच विचार करावयास लावणारी आहे. आपली थट्टा झाली की नीतीचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याची झाली की ती करमणूक ठरते. वेगवेगळी वजने आणि वेगवेगळी मापे बाळगणाऱ्याचा परमेश्वराला वीट येतो, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे (20:10). विनोदाच्या बाबतीत आपण अशीच दोन मापे वापरीत नाही ना, हे येथे पाहावयाचे आहे.

दोन प्रसंग

2012 साली ‘कमाल धमाल मालामाल’ हा हिंदी विनोदी चित्रपट प्रदर्शित होत असता, त्यात धर्मगुरूंची आणि पवित्र वस्तूंची टवाळी झाली आहे, असा आक्षेप मुंबईतील कॅथोलिक संघटनांनी घेतला. काही दृश्ये वगळण्यात आली. आक्षेप सनदशीर होता आणि तो घेण्याचा हक्क आपल्याला होता, यात शंका नाही.

2023 साली ‘आँख मिचोली’ हा चित्रपट आला. त्यात स्मृतिभ्रंश, बहिरेपण आणि तोतरेपणा यांवर हशा मिळविला होता. याविरुद्ध एक अपंग गृहस्थ न्यायालयात गेले. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटावर बंदी आली नाही. परंतु अपंगाला हीन लेखणारा विनोद आणि अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद यांत भेद करून न्यायालयाने चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. या दुसऱ्या प्रसंगी आपल्या सभांतून कोणता आवाज उठला, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या धर्मग्रामापुरते द्यावे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशी स्पष्ट आज्ञा लेवीय ग्रंथात आहे (19:14). धर्मगुरूच्या झग्याची थट्टा करू नये, अशी आज्ञा मात्र कोठे आढळत नाही. शिपायांनी प्रभूला किरमिजी झगा घातला, काट्यांचा मुकुट चढविला आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून थट्टा केली (मत्तय 27:28-31). ती त्याने मुकाट्याने सोसली. परंतु लहानांतील एकालाही जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधलेली बरी, असे कठोर शब्द त्याच प्रभूने उच्चारले (मत्तय 18:6). स्वतःच्या मानहानीविषयी सोशिक आणि दुबळ्याच्या मानहानीविषयी तीव्र, असे हे प्रभूचे माप आहे. आपले माप नेमके उलटे होत असेल, तर ते ख्रिस्ती माप म्हणता येणार नाही.

हसणे पाप आहे काय?

यावरून कोणी सर्वच हास्य त्याज्य मानील, तर तेही चुकेल. इसहाकाच्या नावातच हास्य आहे, आणि देवाने मला हसविले, असे सारा आनंदाने म्हणते (उत्पत्ती 21:6). एलीया बआलच्या संदेष्ट्यांची उघड थट्टा करतो (1 राजे 18:27). चिलट गाळून उंट गिळणारे परूशी ऐकताना प्रभूच्या श्रोत्यांना हसू आले नसेल, असे मानणे कठीण आहे.

मग इफिसकरांस पत्रात (5:4) संत पौल थट्टामस्करी का निषिद्ध मानतो? तेथे मूळ ग्रीक शब्द ‘युट्रापेलिया’ असा आहे. हाच शब्द ॲरिस्टॉटलने एका सद्गुणासाठी वापरला होता: एका टोकाला पाचकळपणा, दुसऱ्या टोकाला रुक्षपणा, आणि मध्ये प्रसन्न विनोदबुद्धी. पौलाच्या वचनात तो अमंगळ व मूर्खपणाच्या बोलण्याबरोबर येतो. निषेध आहे तो त्या प्रकारच्या थट्टेचा.

संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात (दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध, प्रश्न 168) हा विषय सविस्तर मांडला आहे. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे मनालाही विसाव्याची गरज असते, असे सांगून ते तीन अटी घालतात. पहिली व मुख्य अट अशी की, अश्लील किंवा दुसऱ्याला इजा करणाऱ्या शब्दांत व कृतींत आनंद शोधू नये. दुसरी, मनाचा तोल पूर्णपणे सुटू नये. तिसरी, विनोद स्थळ, काळ व व्यक्ती यांना शोभणारा असावा. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी विनोद करीत नाही आणि इतरांच्या विनोदाचाही विरस करतो, त्यालाही ते दोष देतात.

माप लावून पाहू

पहिल्या अटीत अश्लीलता आणि इजा ही दोन्ही एकत्र आली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील द्व्यर्थी संवादांवर आपण सहज बोट ठेवतो. परंतु सावळ्या वधूवर, बायकोला मार देण्यावर किंवा एखाद्याच्या जातीवर केलेला विनोद त्यात अश्लील शब्द नाही म्हणून खपून जातो. अक्विनासांच्या मापाने दोन्ही तपासले पाहिजेत.

उलट बाजूही पाहू. ‘जूली’ (1975) मधील अँग्लो-इंडियन पिता मद्यासक्त आहे, आणि ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधील अँथनी दारूचा गुत्ता चालवितो. असे साचे आपल्याला खुपतात, आणि ते योग्यच आहे. याच अँथनी गोन्साल्विसचे नाव गोव्याच्या एका व्हायोलिनवादकावरून ठेवलेले होते. संगीतकार प्यारेलाल यांचे ते गुरू. साच्यात माणूस कसा हरवतो, हे यावरून कळते. मग आपल्या तियात्रांत आणि स्नेहसंमेलनांत इतर धर्मांची, प्रांतांची किंवा मोलकऱ्यांची जी सोंगे आणली जातात, त्यांतही माणूस हरवतोच.

टीकेचा विनोद मात्र निराळा. जुवांव आगुस्तीन फेर्नांदिश यांनी 1904 साली ‘भाटकारा’ हा तियात्र रंगभूमीवर आणून जमीनदारांकडून होणाऱ्या पिळवणुकीवर बोट ठेवले. बलवंताच्या अन्यायाकडे वळलेले असे हास्य एलीयाच्या परंपरेतले आहे. म्हणून एखाद्या नाटकात धर्मगुरूचा लोभ किंवा अहंकार हास्यास्पद झाला, तर प्रथम ते खरे आहे काय, हे पाहावे. निषेधाचे पत्र नंतर लिहावे.

धर्मशिक्षकांना आमची सूचना अशी. वर्गातील मुलांनी अलीकडे पाहिलेला एखादा विनोदी प्रसंग घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: यात कोण हसले जात आहे? ते त्याच्या अन्यायामुळे की दुबळेपणामुळे? तो मनुष्य आपल्या शेजारी बसला असता, तर आपण हसलो असतो काय? धर्मगुरूंनी धर्मग्रामाच्या कार्यक्रमांची संहिता याच प्रश्नांनी आधी वाचावी. पवित्र संस्कारांची विटंबना झाली, तर तक्रार अवश्य करावी. पण ती शांतपणे, कायद्याच्या मार्गाने, आणि कलाकृती स्वतः पाहून.

आपण येथे संख्येने थोडे आहोत. दुसऱ्याच्या अपमानाच्या वेळी गप्प बसून आपल्या अपमानाच्या वेळी न्याय मागू लागलो, तर शेजाऱ्यांना तो स्वार्थ वाटेल. आणि आपली मुले, जी दोन्ही वेळा आपल्याकडे पाहत असतात, नीतीला आपल्या मानापमानाचे दुसरे नाव समजतील.