आकडा मशीनवर, वेग पॅडच्या काठावर

मे महिन्यात जळगावात भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून बघा. हात टेकत नाही. हवा ४५ अंशांवर असली की काळा पत्रा सहज ६५-७० अंशांवर जातो. अशी गाडी 'जरा पॉलिश मारून द्या' म्हणून गॅरेजात येते, तेव्हा मशीन किती वेगाने फिरवायचं? 'चारवर ठेव', 'पाचवर ने' हे उत्तर मशीनवरच्या चकतीकडे बघून दिलं जातं आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते.

आधी ओरखड्यांविषयी. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळिष्टकासारखं गोल जाळं दिसतं. फडकं गोल फिरवल्यामुळे ते उमटलं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालतील असे जे बसलेले असतात, तेवढेच प्रकाश डोळ्यांकडे पाठवतात. दोन पावलं बाजूला सरका, जाळंही तुमच्याबरोबर सरकतं. हे ओरखडे बहुतांशी आपणच पाडतो. खान्देशातली धूळ मुख्यतः दख्खनच्या काळ्या पाषाणाची. त्यातल्या खनिजांचा कठीणपणा मोहसच्या मापावर ६ च्या आसपास, गारगोटीच्या कणाचा ७. गाडीचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, त्यापुढे फारच मऊ. रोज सकाळी कोरडं फडकं मारणं म्हणजे त्यावर बारीक पॉलिशपेपर घासणंच झालं.

हा थर असतो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा. वहीचं पान १०० मायक्रॉनच्या आसपास असतं, म्हणजे त्याच्या निम्म्याहून अधिक नाही. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तो हाच. पॉलिश ओरखडा बुजवत नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा थर घासून खाली आणतं. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर घासताना उडालेली सोन्याची धूळसुद्धा गोळा करून पुन्हा आटवतो. क्लिअर कोटचा गेलेला मायक्रॉन मात्र कायमचा गेला.

आता वेगाकडे येऊ. बहुतेक रोटरी मशीनं मिनिटाला ६०० ते ३००० फेऱ्या मारतात. पण रंगाला फेऱ्या कळत नाहीत, त्याला कळतो तो पॅडच्या कडेचा वेग. १५ सेंटिमीटरचं पॅड १५०० फेऱ्यांनी फिरलं तर त्याची कड सेकंदाला जवळपास १२ मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर वेगाने रंगावर घासते. ३००० फेऱ्यांना हाच वेग ताशी ८५ किलोमीटर होतो. त्याच मशीनला साडेसात सेंटिमीटरचं छोटं पॅड लावलं की दोन्ही आकडे निम्मे होतात. पॅड बदललं आणि चकती तिथेच राहिली, तर वेग तोच राहिला असं म्हणता येत नाही.

घर्षणाची उष्णता दाब आणि वेग यांच्या गुणाकाराने वाढते. हाताचा भार चार किलो आणि घर्षणांक ०.४ धरला, तर १५०० फेऱ्यांना सुमारे सव्वाशे वॅट उष्णता तयार होते. जुन्या शंभरच्या बल्बपेक्षाही जास्त, आणि तीही एका ताटलीएवढ्या जागेत! पत्रा ती आजूबाजूला पसरवतो. प्लास्टिकचा बंपर पसरवत नाही, कारण पोलादाची उष्णतावाहकता प्लास्टिकच्या शेकडो पट आहे. म्हणून बॉनेटवर निभावलेला वेग बंपरवर रंग जाळतो. दरवाजाच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावाच्या रेषा यांचंही तसंच: तिथे रंग मुळात पातळ आणि सगळा दाब एका रेषेवर येतो. जाणते कारागीर अशा जागी टेप लावतात किंवा वेग उतरवून हात हलका करतात.

गरम झालेला रंग मऊ पडतो आणि पॅड त्याला ओढू लागतं. पॉलिशच्या लगद्यातला, म्हणजे कंपाउंडमधला ओलावाही खान्देशातल्या कोरड्या हवेत भराभर उडतो. मग उरते सुकी पूड, आणि तीच नवे ओरखडे पाडते. धुळ्यात जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर असतो, तेव्हा पत्र्याला तापायला भरपूर वाव असतो. मे महिन्यात तो वाव उन्हानेच खाल्लेला असतो. थंड देशांत छापलेल्या माहितीपुस्तिकेतला आकडा इथे वर्षभर चालवणं म्हणूनच धोक्याचं.

कंपाउंड ६०० फेऱ्यांवर पसरावं, १२०० ते १५०० च्या दरम्यान काम करावं आणि शेवटचे हात पुन्हा हजाराच्या आसपास हलक्या दाबाने मारावेत. पॅड सपाट टेकलेलं आणि सतत सरकतं हवं. ते तिरकं धरलं की उन्हात लाटांसारखे पट्टे दिसतात. लोकरीचं पॅड लावून २००० च्या वर जाण्याची जुनी सवय सोडावी, कारण त्यात वाचलेल्या दहा मिनिटांची किंमत क्लिअर कोट मोजतो. हात बसलेला नसेल तर डोलत फिरणारं ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं; त्याला वेळ लागतो, पण रंग जळण्याची भीती खूपच कमी.

आणि उन्हातून आलेली गाडी आधी सावलीत निवू द्या. मशीन लावण्यापूर्वी पत्र्याला तळहात टेकवा. पाच सेकंद टिकला नाही, तर चकतीवरचा आकडा कोणताही असो, थांबा.