सातचा पत्ता

समोर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. वर दिसतात ते असे : अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असलीच पाहिजे. हा नियम या चार पत्त्यांपुरता पाळला गेलाय का, हे पाहायला नेमके कोणते पत्ते उलटाल? विनाकारण एकही उलटायचा नाही.

बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात, काही नुसतेच ‘अ’. उत्तर आहे ‘अ आणि ७’. चारच्या मागे काहीही निघो, नियमाचे काही बिघडत नाही; व्यंजनामागे सम संख्या नसावी असे कुणी म्हटलेच नव्हते. सातच्या मागे ‘इ’ निघाली, की मात्र नियम तिथेच मोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६मध्ये हे कोडे मांडले. तेव्हापासून चांगल्या शिकल्यासवरलेल्या मंडळींतही ते सोडवणारा साधारण दहांत एखादाच निघतो. नियमाला दुजोरा देणारा पत्ता हाताला लगेच लागतो. त्याला खोटा पाडू शकणारा समोर असूनही दिसत नाही.

पुढची गंमत १९८२ची. ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघा संशोधकांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना हेच कोडे वेगळ्या शब्दांत घातले. बिअर पिणाऱ्याचे वय एकोणिसाच्या वर हवे, हा नियम. पत्त्यांवर बिअर, कोक, २२ आणि १६. कोण नियम मोडतोय ते शोधा. या वेळी चारांतल्या जवळजवळ तिघांनी बिनचूक सांगितले : बिअर पिणाऱ्याचे वय बघा आणि सोळा वर्षांचा काय पितोय ते बघा. तर्क तोच, पण ओळखीच्या प्रसंगात तो सुचतो आणि अक्षर-आकड्यांत सुचत नाही.

‘रोज कोडी सोडवा, मेंदू तल्लख ठेवा’ या सल्ल्यातली मेख इथेच आहे. बुद्धी म्हणजे विळी नव्हे, की एकदा धार लावली म्हणजे कांदाही चिरेल आणि सुरणही. सुडोकूत हात बसला की माणूस सुडोकूत पटाईत होतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवण्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

याबाबतीतला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा स्कॉटलंडमधला आहे. १९३६ साली जन्मलेल्या तिथल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची १९४७च्या जूनमध्ये एकाच दिवशी बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. कागद जपून ठेवले गेले. अर्धशतक उलटल्यावर ॲबर्डीनच्या संशोधकांनी त्यांतल्या काहींना साठी ओलांडल्यावर पुन्हा गाठले, आणि पुढची पंधराएक वर्षे अधूनमधून त्यांची स्मरणशक्ती व विचारांचा वेग तपासला. अकराव्या वर्षी कोण किती हुशार होता हे ठाऊक असल्याने ‘मुळात हुशार माणसेच कोडी सोडवतात’ ही नेहमीची शंका हिशेबात धरता आली. ४९८ जणांचा हा अभ्यास २०१८च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. डोक्याला खाद्य देणाऱ्या गोष्टींत आयुष्यभर रमलेल्यांची उतारवयातली पातळी वर होती. पण वयाबरोबर होणारी घसरण? ती त्यांचीही इतरांच्याच वेगाने झाली. थोडक्यात, उतार तेवढाच, पण ते उंचावरून उतरायला लागले होते. माझ्या मते ही काही छोटी मिळकत नाही. रोजचे व्यवहार अडण्याच्या टप्प्यावर माणूस तेवढा उशिरा पोहोचतो.

अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर ‘ॲक्टिव्ह’ नावाचा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मालिकांतला क्रम ओळखायला शिकवले, म्हणजे आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत ‘प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल’ असे विचारतात, तशा जातीचे. प्रशिक्षण जेमतेम दहा बैठकांचे. दहा वर्षांनी या गटातले सुमारे ७४ टक्के लोक तर्कात सुरुवातीच्या पातळीवर किंवा तिच्या वर होते. काहीच न शिकवलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. मात्र सुधारला तो तर्कच. त्याने स्मरणशक्ती काही वाढली नाही. मेंदूच्या खेळांचे ॲप विकणाऱ्यांना हा तपशील सोयीस्करपणे विसरायला होतो. पुराव्याविना विस्मरण रोखण्याच्या जाहिराती केल्याबद्दल ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीला २०१६ साली अमेरिकी सरकारच्या तक्रारीवरून वीस लाख डॉलर भरावे लागले.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणीच्या ‘ट्रिक’ शिकवतात. दिशांच्या प्रश्नाला ही, नातेसंबंधांच्या प्रश्नाला ती. मार्क मिळवायला ठीकच. पण ट्रिक हाताशी आली की डोक्याचे काम तिथेच संपते. रोजचे सुडोकू चहा संपायच्या आत सुटत असेल तर तेही आता नुसती करमणूक झाले, असे खुशाल समजावे. करमणुकीलाही माझी ना नाही. डोके शिणवायचेच असेल तर कोड्याची जात बदलावी, आणि बदललेली जात निदान काही दिवस छळणारी असावी.

छळणाऱ्यांतले माझे लाडके गृहस्थ रेमंड स्मलियन. तर्कशास्त्रज्ञ, जादूगार आणि पियानोवादक. १९७८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात एक बेट आहे. तिथले काही रहिवासी नेहमी खरेच बोलतात, उरलेले नेहमी खोटेच. दोघे भेटतात. पहिला म्हणतो, ‘आमच्यापैकी निदान एक जण खोटारडा आहे.’ कोण कसा?

इथे सातचा पत्ता उलटावा लागतो. समजा, पहिला खोटारडा आहे. मग ‘निदान एक जण खोटारडा’ हे त्याचे वाक्य खरे ठरते, आणि खोटारडा खरे बोलूच शकत नाही. गृहीतक मोडले. म्हणजे पहिला खरा, त्याचे वाक्यही खरे, आणि खोटारडा दुसरा. आधी मानायचे आणि मग मोडून पाहायचे, एवढीच यातली करामत. व्हॉट्सॲपवर ‘हा काढा घेतला आणि साखर उतरली’ असे येते, तेव्हा तो चारचा पत्ता असतो. काढा घेऊनही ज्यांची साखर जागची हलली नाही, ते निरोप पाठवत नाहीत. त्यांना आपणच शोधावे लागते, आणि ही सवय बेटावरून घरी आपोआप येत नाही. ती मुद्दाम आणावी लागते.

तोवर बेटावर दुसरी जोडी आली आहे. त्यातला पहिला म्हणतो, ‘आम्ही दोघेही खोटारडे आहोत.’