मुलं स्वतःला इजा करून घेतात तेव्हा

‘लक्ष वेधून घ्यायचंय तिला, दुसरं काही नाही!’ मुलीनं स्वतःला इजा करून घेतल्याचं उघड झालं की घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. ही मुलं जखमा मिरवत नाहीत, लपवतात. ‘का केलंस?’ या प्रश्नावर संशोधकांना सर्वाधिक वेळा मिळालेलं उत्तर साधं आहे: आत दाटून आलेलं सोसवत नव्हतं. इजा केल्यावर वाटणारं हायसेपण क्षणभराचं असतं. मागोमाग लाज येते आणि तीच लाज पुन्हा त्याच वाटेवर नेते. यामागे मरण्याचा हेतू नसला तरी पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढतो, म्हणून दुर्लक्ष परवडणारं नाही.

जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला, तेव्हा किशोरवयीनांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे १७ निघालं. इतक्या मुलांना पुरतील एवढे प्रशिक्षित मानसतज्ज्ञ कुठल्याच देशाकडे नाहीत. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योहान ब्यूरेबेर्ग आणि सहकाऱ्यांनी म्हणूनच उपचार इंटरनेटवर नेला.

त्याचं मूळ अमेरिकेत आहे. किम ग्रॅट्झ आणि जॉन गंडरसन यांनी २००६ मध्ये बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना अस्थिर करणारा मनोविकार) असलेल्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी १४ आठवड्यांचा गटोपचार तपासून पाहिला होता. भावना दडपू पाहिली की ती बळावते. ती ओळखावी, तिला नाव द्यावं आणि ती असतानाही स्वतःला सावरावं, हा त्याचा गाभा.

समजा, मैत्रिणींनी ग्रुपमधून काढून टाकलं. आधी येतं ते दुःख. मग ‘एवढ्यावरून काय रडायचं!’ म्हणून स्वतःचाच राग, स्वतःचीच लाज. पहिली भावना काहीतरी सांगू पाहते: ही माणसं मला हवी आहेत. दुसरी नुसती भाजते. उपचारात मुलं या दोन थरांमधला फरक करायला शिकतात. उबळ आली की तिला लगेच शरण न जाता थांबायला शिकतात. रोजच्या नोंदींसाठी मोबाइल ॲप असतं. पण हे सगळं यंत्राच्या हवाली नाही. पडद्यापलीकडे खराखुरा मानसतज्ज्ञ असतो, मुलांनी लिहिलेलं वाचतो, उत्तर देतो.

आणि आईवडिलांनाही अभ्यास असतो! मुलांसाठी ११ पाठ, तर पालकांसाठी ६. उपदेश आवरून, मुलाला जे वाटतंय ते खरं मानून ऐकायचं कसं, हे त्यांना शिकवलं जातं. या उपचारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच म्हणायला हवी.

चाचणीत १३ ते १७ वर्षांची १६६ मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत १२ आठवड्यांचा हा ऑनलाइन कार्यक्रम. तो संपल्यावर महिन्याभरानं पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात इजेचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले होते, ऑनलाइन कार्यक्रमाच्या गटात ८२ टक्क्यांनी. भावना सांभाळणं जसं सुधारलं तशी इजा कमी झाली, हेही दिसलं. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये प्रसिद्ध झाले.

भारावून जाण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. सहभागींत दहापैकी नऊहून अधिक मुली होत्या, त्यामुळे मुलग्यांबद्दल फारसं काही सांगता येत नाही. शिवाय आत्महत्येचा तातडीचा धोका असलेल्यांना वगळलं होतं आणि किमान एका पालकानं सहभागाची तयारी दाखवणं ही अटच होती. ज्यांच्या घरी कुणाला काही ठाऊकच नाही, किंवा ठाऊक होऊनही कुणी ऐकायला तयार नाही, अशी मुलं या चाचणीत आलीच नाहीत. खरी काळजी तर त्यांची वाटते.

म्हणून घरात असं काही लक्षात आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. जवळ बसा, ऐका आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.