वरच्याच्या बुटाकडे लक्ष!

हरिश्चंद्रगडाला जायचं तर खिरेश्वर किंवा पाचनई, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कोकणकड्यावर पोटावर झोपून सगळे खाली डोकावतात ना, त्या खालच्या बाजूनेही एक वाट वर येते. नळीची वाट! मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून निघायचं ते थेट कड्याच्या माथ्यापर्यंत. साधारण हजार मीटरची चढाई. सहा-आठ तास सहज जातात.

‘वाट’ म्हणायचं ते आपलं कौतुकाने. खरं तर ही कड्याला खेटलेली अरुंद घळ. पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी इथूनच धो धो उतरतं आणि सुटलेले दगड सोबत आणतं. दिवाळीनंतर पाणी आटतं, दगड राहतात. खाली ओढ्यात भलेमोठे धोंडे. त्यांच्यावरून चढत-उतरत जायला मजा येते. वर जावं तसे दगड बारीक होतात आणि खरी पंचाईत सुरू होते. मोठा धोंडा निदान जागेवर बसलेला असतो. घसारा पावलागणिक सरकतो. दोन पावलं वर, एक खाली.

नवख्यांना धास्ती असते ती कातळटप्प्यांची. पण तिथे दोर लावता येतो, एका वेळी एकच जण चढतो. घसाऱ्यात मात्र तुमचं डोकं वरच्या माणसाच्या बुटाच्या हवाली! मुठीएवढा दगड सुटला तरी दोन्हीकडे भिंती, तो जाणार कुठे? आपटत, वेग घेत खालच्याच्या अंगावर. त्यामुळे हेल्मेट हवंच, आणि इअरफोन सॅकमध्ये.

अशा चिंचोळ्या जागी लांब लांब अंतर ठेवून चालणं शहाणपणाचं वाटतं, पण होतं उलटं. जवळजवळ असलं तर सुटलेला दगड वेग घेण्याआधीच अडवता येतो. जागा रुंद झाली की रांग तिरकी करायची, कुणीच कुणाच्या बरोबर खाली नको. दगड सुटला की आधी ‘दगड!’ म्हणून बोंबलायचं, सॉरी नंतर. आणि आरोळी कानावर पडली की मान वर करायची नाही, सरळ भिंतीला चिकटायचं. पुढे दुसरा ग्रुप असेल तर तो आडोशाला जाईपर्यंत थांबा. या थांबण्यात रविवारचे दोन तास जातात, जाऊ द्या.

पाणी खालूनच भरून न्या, बेलपाड्यातला वाटाड्या घ्या आणि पावसाळ्यात या घळीचं नावही काढू नका.

माथ्यावर पोचलात तरी गडाचं सर्वोच्च टोक, १४२९ मीटरचं तारामती, अजून पुढेच असतं. बहुतेक जण तो बेत सकाळवर ढकलतात. उतरताना मात्र पाचनई गाठा. घसाऱ्यावरून खाली येताना पाय जास्त सुटतात, आणि तेव्हा नळीत खालून कोण चढतंय, हे वरून दिसत नाही.