हट्ट मुलांचा, ससा आईचा

परीक्षा संपल्या, निकाल लागला आणि चिरंजीव किंवा कन्यका गोड चेहरा करून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, की ओळखावे, काहीतरी मागणी येणार! कुत्रा नको, शेजारी तक्रार करतील. मांजर नको, दुधात तोंड घालील. मग तडजोड म्हणून पुढे येतो ससा. "आई, तो भुंकत नाही, चावत नाही, त्याला जागा लागत नाही आणि तो नुसतं गाजर खातो!"

युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण मैत्रिणींनो, यातले पहिले विधान तेवढे खरे आहे. घाबरलेला ससा चावतो, त्याला रोज बागडायला जागा लागते आणि नुसत्या गाजरावर ठेवला तर तो आजारी पडतो. शिवाय नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे सहज जगतो. आज चौथीत असलेली तुमची लेक तेव्हा कॉलेजात, कदाचित पुण्या-मुंबईला असेल आणि ससा असेल तुमच्या पदराशी! म्हणून हट्ट मुलांचा असला, तरी निवड मात्र तुम्ही डोळसपणे करायला हवी.

रानातला ससा वेगळा

चांदण्या रात्री आपण मुलांना चंद्रावरचा ससा दाखवतो. 'शशी' हे चंद्राचे नावच त्यावरून पडले. मराठवाड्याच्या माळरानावर कान टवकारून बसणारा तो रानससा आणि दुकानातल्या पिंजऱ्यातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत, बरं का! रानससा बिळात राहत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनीच जन्माला येतात. पाळीव सशाचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्यांची पिल्ले जन्मतः आंधळी आणि उघडी असतात. मराठीत दोघांनाही एकच शब्द, म्हणून हा घोटाळा होतो.

गावाकडून कोणी "शेतात सापडलं, घ्या पोरांना खेळायला" म्हणून पिल्लू आणून दिले, तर मुळीच घेऊ नका. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय ते पिल्लू टाकलेले नसते. आई दिवसभर दूर राहते आणि काळोख पडल्यावर येऊन पाजते. ते होते तिथेच ठेवून यावे, यातच त्याचे भले.

नावावर जाऊ नका

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा. तो बहुधा 'न्यूझीलंड व्हाइट' किंवा त्याचा संकर असतो. नाव न्यूझीलंडचे, पण जात घडली अमेरिकेत, आणि तिची पैदास होते मुख्यतः मांसासाठी. तळहातावर मावणारे ते कापसाचे बोंड वर्षाच्या आत चार-पाच किलोंचे धूड होते. मग फ्लॅटच्या बाल्कनीत त्याची आणि तुमची दोघांचीही कुचंबणा!

लहान चणीच्या जाती वेगळ्या. 'नेदरलँड ड्वार्फ' हा सर्वांत बुटका. आखूड कान, गोल तोंड, वजन जेमतेम एक किलो. दिसायला बाहुलीसारखा, पण स्वभावाने भित्रा आणि चपळ. मुलांनी धरायला जावे आणि त्याने उडी मारावी, असा प्रकार. चेहरा आखूड असल्याने त्याचे दात वेडेवाकडे वाढण्याचा धोकाही जास्त.

'हॉलंड लॉप'चे कान खाली लोंबतात. वजन पावणेदोन किलोंपर्यंत. नेदरलँड्समध्ये १९६४ साली या जातीला मान्यता मिळाली. वृत्तीने शांत, पण दुमडलेल्या कानात मळ साठतो, कान पिकतात, म्हणून दर आठवड्याला कान पाहावे लागतात. 'लायनहेड'ला मानेभोवती सिंहासारखी आयाळ असते आणि ती नियमाने विंचरावी लागते. 'अंगोरा' तर नखशिखान्त लोकर! त्याची जागा कुलूच्या थंडीत, आपल्याकडे नाही.

राहिला 'डच'. याचेही नाव फसवे. जात घडली एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये. अंगाभोवती पांढरा पट्टा, कपाळावर पांढरी रेघ, वजन साधारण दोन किलो, आखूड केस, उभे कान आणि माणसांत मिसळणारा स्वभाव.

आधी आपली हवा पाहा

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या गृहिणीने सशाची जात फोटोवरून नव्हे, थर्मामीटरवरून निवडावी. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पंधरा ते वीस अंश तापमानात तो सुखी असतो. तीसच्या वर गेले की धापा टाकू लागतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो! अशा हवेत लांब केसांच्या सशाला घरात आणणे म्हणजे त्याला भर उन्हात स्वेटर घालून बसवणे.

तेव्हा पहिल्यांदाच ससा पाळणाऱ्या घराने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. केस आखूड, कान उभे, वजन दोन किलोंच्या आसपास. डच जातीचा मिळाला तर उत्तम. न मिळाला, तर याच बेताचा संकरित ससाही तितकाच चांगला. जातिवंतपणाच्या कागदापेक्षा त्याची प्रकृती आणि स्वभाव मोलाचा. फार बुटका ससा लहान मुलांच्या हाती नाजूक ठरतो, हेही विसरू नये.

पिल्लू पारखताना

'ड्वार्फ' म्हणून विकलेले पिल्लू पुष्कळदा नुसतेच कोवळे असते. महिनाभराचे कोणतेही पिल्लू बुटकेच दिसणार! म्हणून आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. इतक्या लवकर आईपासून तोडलेली पिल्ले हगवणीने दगावतात. पिल्लाचे कान लांब आणि मागचे पाय मोठे दिसले, तर ते पुढे थोराड होणार असे समजावे. जमल्यास आई-बाप पाहून घ्यावेत.

डोळे स्वच्छ, नाक कोरडे, शेपटीखाली घाण नाही, वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे, एवढे स्वतः तपासा. सारखा शिंकणारा किंवा कोपऱ्यात मलूल बसलेला ससा दया येऊनही घेऊ नका. २०१८ च्या नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे विचारायला संकोच कसला? आणि खरेदी दिवाळीनंतर करावी. थंडीत आलेले पिल्लू उन्हाळ्यापर्यंत घराला रुळते.

एक की दोन?

"जोडी न्या ताई, एकट्याला करमत नाही," असे दुकानदार म्हणतो. हे अर्धे खरे आहे. ससा कळपातला प्राणी, त्याला सोबत हवी असते. पण नर-मादीची जोडी नेलीत, तर गणित पाहा. चार-पाच महिन्यांत मादी वयात येते. गर्भ साधारण एकतीस दिवसांचा. एका वेळी चार ते आठ पिल्ले, आणि व्यायल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षअखेरीस ती पिल्ले कोणाच्या दारात सोडणार?

एकाच आईच्या दोन बहिणी आणाव्यात, किंवा घरात दिवसभर माणसांचा वावर असेल तर एकच आणावा. दोन नर वयात आले की रक्त निघेपर्यंत भांडतात. पिल्लाचे लिंग ओळखण्यात दुकानदारही चुकतात. म्हणून महिनाभरात डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. नसबंदीबद्दलही तेव्हाच विचारावे. न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण बरेच असते.

पानात काय वाढावे?

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून त्याचे मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत, आणि तेही दिवसरात्र समोर. मूठभर कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, हरळी अशी धुऊन निथळलेली हिरवळ रोज द्यावी. लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला रोज नको, त्यातला चुना बाधतो. कोवळी ज्वारी जनावराला विषारी ठरते हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. सशालाही ती घालू नये.

गाजर हा त्याचा पेढा समजावा. एखादा काप, तोही अधूनमधून. पोळी, भाकरी, बिस्किट, भात, कांदा, लसूण, बटाटा हे सारे वर्ज्य. आजीबाईंना हे आधी समजावून सांगावे, कारण "पोळीचा तुकडा दिला तर काय झालं?" इथूनच पुष्कळ सशांचे पोट बिघडते. पहाटे तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला, तर शिसारी नको. त्याची पचनाची रीतच तशी आहे.

उन्हाळ्याची तयारी

पत्र्याची खोली, गच्ची, पश्चिमेची बाल्कनी या जागा बाद. घरातला सर्वांत थंड कोपरा त्याला द्यावा. शहाबादी फरशी गार असते, पण तीवर पाय घसरतात. म्हणून अर्ध्या भागात गोणपाट अंथरावे. पिंजऱ्याचा तळ नुसत्या जाळीचा असेल, तर तळपायांना जखमा होतात. मातीच्या जड भांड्यात पाणी ठेवावे, ते दिवसातून दोनदा बदलावे. नळाला पाणी ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशीचाही त्याचा वाटा बाजूला काढावा लागेल, हे ध्यानात असू द्या. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली की दुपारी तो तिला टेकून बसतो. वीज गेली तर ही बाटलीच कूलरचे काम करते.

कान तापले, तोंडाने श्वास सुरू झाला, अंग सैल पडले, तर तो उष्माघात. कानांना साध्या पाण्याचा हात लावावा आणि तडक दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

दुखले-खुपले तर

दहा-बारा तास सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नका. त्याचे आतडे थांबले की जीव धोक्यात येतो. घरातले औषध तर मुळीच नको. आपल्याला चालणारे अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेल्यास प्राणघातक ठरते. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात ते फिप्रोनिलही त्याला विषारी आहे. खडकेश्वरला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, शहरात खासगी डॉक्टरही आहेत; पण ससे तपासण्याचा अनुभव कोणाला आहे, हे ससा आणण्यापूर्वीच विचारून ठेवा.

कान धरून ससा कधी उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. त्याने अधांतरी लाथ मारली तर त्याचा कणा मोडू शकतो. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांनी त्याला उचलूच नये. जमिनीवर बसून कुरवाळावे.

आधी पंधरा दिवस

इतके वाचून तुम्ही म्हणाल, नकोच तो ससा! तसे मात्र नाही. पायांत घुटमळणारा, खुशीत येऊन हवेत गिरकी घेणारा ससा घराला वेगळेच चैतन्य देतो, आणि मुक्या जिवाचे मन ओळखायला मुलांना शिकवतो. फक्त आणण्याआधी एक करा. मुलांना सांगा, पंधरा दिवस रोज सकाळी एका वाडग्यात पाणी भरायचे, एक कोपरा झाडायचा, मंडईतून आणलेली जुडी निवडून धुवायची. ससा नाही, नुसती कामे! सोळाव्या दिवशी तुम्ही न सांगता वाडगा भरलेला दिसला, तर पिशवी घेऊन खुशाल निघा. चौथ्याच दिवशी कंटाळा आला, तर एका मुक्या जिवाचे आणि तुमचेही हाल वाचले असे समजा.