मोमिनाबादची छावणी : ‘मित्रसैन्य’ कोणाचे?

एका राज्याच्या भूमीवर मित्रराज्याच्या सैन्याने तळ देऊन राहावे, ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धातील विमानतळांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली. १९४० मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून ५० जुन्या विनाशिका घेतल्या आणि आपल्या वसाहतींतील तळांच्या जागा तिला ९९ वर्षांच्या कराराने दिल्या. परंतु ही व्यवस्था विमानाहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे एक बोलके उदाहरण बीड जिल्ह्यातच सापडते. निजामी अमलात मोमिनाबाद या नावाने ओळखल्या गेलेल्या अंबाजोगाई येथील घोडदळाची छावणी हे ते उदाहरण होय. या छावणीतील सैन्य वस्तुतः कोणाचे होते, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. निजामाच्या राज्यातील इंग्रजी सैन्य म्हटले की आपण सरसकट ‘तैनाती फौज’ हा शब्द वापरतो. १७९८ व १८०० च्या तहांनी आलेली तैनाती फौज ही कंपनी सरकारची फौज होती आणि तिचे मुख्य ठाणे सिकंदराबाद हे होते. १८०० च्या तहात आणखी एक कलम होते : युद्धप्रसंगी निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार मदतीस द्यावेत. निजामाचे हे सैन्य कुचकामाचे आहे अशी तक्रार करून रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास त्यातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती पलटणी उभारल्या. ‘कंटिंजंट’ची सुरुवात ही अशी आहे. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, एलिचपूर, लिंगसुगूर व मोमिनाबाद ही तिची ठाणी होती. नकाशावर ही नावे पाहिली म्हणजे परचक्राच्या निवारणापेक्षा मुलखाच्या बंदोबस्ताकडेच या फौजेचा रोख होता, हे उघड होते.

येथे शब्दांकडे थोडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. ‘छावणी’ म्हणजे मुळात छप्पर घातलेला निवारा. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला मोहिमेस निघत आणि पावसाळ्यापुरती छावणी करीत. म्हणजे छावणी ही चार महिन्यांची गोष्ट होती. कंपनीच्या काळात तोच शब्द बारमाही वस्तीला लागू झाला, आणि या अर्थांतरातच राजकीय स्थित्यंतर साठलेले आहे. ‘शिलेदार’ शब्दाचे उलट झाले. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. शिलेदार तो, जो स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येतो. ‘बारगीर’ दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो. कंटिंजंटच्या रिसाल्यांत ही जुनी शिलेदारी पद्धत तशीच चालू राहिली. शब्द टिकला, पद्धत टिकली, धनी मात्र बदलला.

या फौजेचा उपयोग कोणाविरुद्ध झाला? १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव याने बंड केले, तेव्हा त्याला पकडण्यास नवाब मुर्तजा यार जंग याचा रिसाला लेफ्टनंट सदरलंड याच्या नेतृत्वाखाली आला. निजामाचा रिसाला, इंग्रज नायक आणि समोर निजामाचाच प्रजाजन, असा तो प्रसंग होता. सैनिकांच्या मनातही धनी कोण हा प्रश्न मिटलेला नसावा. १८२७ मध्ये मोमिनाबादेतच कर्नल डेव्हिस आपल्याच स्वारांच्या हातून मारला गेला. १८५५ मध्ये बोलारम येथे मोहरमच्या मिरवणुकीवरून ब्रिगेडियर मॅकेंझी जबर जखमी झाला. १८५७ मध्ये औरंगाबादेतील रिसाल्यात उठाव झाला. त्याच कंटिंजंटच्या इतर तुकड्या मात्र सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढत होत्या.

खर्चाचा हिशेब याहून कठोर आहे. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी ताब्यात घेतले. ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व ४ तोफखाने एवढी फौज ठेवण्याचे ठरले. धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. अमेरिकेच्या त्या करारांना निदान ९९ वर्षांची मुदत होती. येथे पाहुण्याच्या भोजनखर्चात यजमानाचा एक सुपीक प्रांत गेला, आणि १९१८ मध्ये त्याच घराण्यातील निजामाला इंग्रजांनी ‘यार-ए-वफादार’ ही पदवी दिली!

१९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळाच्या पलटणी १९२२ मध्ये १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या, आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. रिसाल्यांतून ‘डेक्कन हॉर्स’ निर्माण झाले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर हाय वुड येथे त्याच्या भालेकऱ्यांनी हल्ला चढविला. आज ते रणगाड्यांचे दल असून नावात ‘हॉर्स’ कायम आहे. मोमिनाबाद हे नाव मात्र १९४८ मध्ये निजामी राजवट संपल्यानंतर मागे पडले आणि गाव पुन्हा जोगाईच्या नावाने ओळखले जाऊ लागले.